मिशनरी धर्मभगिनींचा इतिहास: कर्तृत्वाचा की आज्ञाधारकतेचा?

मुशाफिर
कॅथलिक मिशनकार्याच्या इतिहासात धर्मगुरूंची नावे पानोपानी भेटतात. शाळा, दवाखाने आणि अनाथालये ज्यांनी प्रत्यक्ष चालवली त्या धर्मभगिनी मात्र ‘सोबत काही सिस्टर्सही गेल्या’ एवढ्या अर्ध्या वाक्यात संपतात. माझे म्हणणे असे आहे की, हे काम करण्याची मुभा चर्चने त्यांना आपखुशीने क्वचितच दिली. बहुतेक वेळा त्यांनी ती झगडून पदरात पाडून घेतली आणि नियम त्यांच्यामागून फरफटत आले.

ट्रेंट येथे भरलेल्या कॅथलिक चर्चच्या धर्मसभेने 1563 मध्ये मठवासिनींना मठाच्या भिंतींआड राहण्याचे बंधन पक्के केले. इंग्लंडच्या मेरी वॉर्ड यांनी भिंतींबाहेर राहून मुलींना शिकवणारा संघ उभारला, तर 1631 मध्ये तो बरखास्त करण्यात आला आणि त्यांना म्युनिकमध्ये कैद भोगावी लागली. साधी व्रते घेऊन समाजात वावरणाऱ्या भगिनीसंघांना पूर्ण अर्थाने धर्मसंघ म्हणून मान्यता मिळाली ती 1900 मध्ये, म्हणजे या संघांच्या भगिनी आफ्रिकेपासून चीनपर्यंत कित्येक दशके राबल्यानंतर.

सर्वांत बोलके उदाहरण वैद्यकाचे आहे. रावळपिंडीतील पडदानशीन स्त्रिया पुरुष डॉक्टरांकडून तपासून घेत नसत, आणि व्रतस्थ भगिनींना बाळंतपणे करण्यास चर्चची मनाई होती. अडलेल्या बाईला पुरुष चालत नव्हता आणि तिला चालणारी बाई चर्चला चालत नव्हती. तेथे 1920 पासून रुग्ण तपासणाऱ्या ऑस्ट्रियाच्या डॉ. ॲना डेंगल यांनी 1925 मध्ये वॉशिंग्टन येथे मेडिकल मिशन सिस्टर्स हा संघ स्थापन केला, परंतु सार्वजनिक (चर्चपुढे अधिकृतपणे घ्यायच्या) व्रतांविना, कारण व्रते घेतली असती तर हातचे कामच सोडावे लागले असते. रोमने ही मनाई उठवली 1936 मध्ये. ऑस्ट्रेलियाच्या डॉ. मेरी ग्लोरी यांना व्रतस्थ राहून गुंटूरमध्ये वैद्यकी करण्याची खास परवानगी त्याआधीच मिळाली होती हे खरे. पण ती ‘खास’ मिळवावी लागली, यातच सगळे आले.

कोरा कागद
आपण दिलेला तपशील मान्य, परंतु त्यातून काढलेला निष्कर्ष मला एकांगी वाटतो. भिंत ओलांडणाऱ्या स्त्रीचे धैर्य मोजताना, ती ज्यांच्या अंगणात उतरली त्यांचे काय झाले हा प्रश्न आपण विचारलेलाच नाही.

कॅनडातील क्वेबेकला 1639 मध्ये पोहोचलेल्या उर्सुलाईन संघाच्या मारी द लँकार्नासियाँ यांचेच उदाहरण घेऊ. त्यांनी स्थानिक भाषा शिकून शब्दकोश आणि प्रार्थनापुस्तके लिहिली, त्यांच्या विद्वत्तेविषयी वाद नाही. मात्र जवळपास तीस वर्षांच्या अनुभवानंतर, 1668 मध्ये, त्यांनी स्वतःच पत्रात लिहून ठेवले आहे की, हाताखालून गेलेल्या शंभर मुलींपैकी जेमतेम एखादीच ‘सुसंस्कृत’ करता आली. बाकीच्या बुद्धिमान आणि समजूतदार असूनही, ध्यानीमनी नसताना मठाचे कुंपण चढून पलीकडे उतरतात आणि आपल्या नातलगांबरोबर रानात निघून जातात. कुंपण चढणाऱ्या त्या मुलींचे मत याहून स्पष्ट शब्दांत कोणी मांडायला हवे होते?

पुढे याच देशात कुंपणाची जागा कायद्याने घेतली. निवासी शाळांत दीड लाखाहून अधिक आदिवासी मुलांना घरापासून तोडून ठेवण्यात आले, मातृभाषा बोलल्याबद्दल शिक्षा करण्यात आल्या, आणि 2015 मध्ये कॅनडाच्या सत्यशोधन आयोगाने या व्यवस्थेला सांस्कृतिक वंशसंहार म्हटले. या शाळांपैकी मोठा भाग कॅथलिक संस्थांकडे होता आणि त्यांच्या वर्गांत, स्वयंपाकघरांत व शयनगृहांत धर्मभगिनी होत्या. त्या चर्चच्या नियमांशी झगडत होत्या, म्हणून त्या सरकारच्याही नियमांशी झगडल्या असे होत नाही.

मुशाफिर
कॅनडाचा मुद्दा टाळता येणारा नाही आणि मी तो टाळत नाही. पण एकाच वसाहतवादी छत्राखाली सगळ्याच भगिनींनी सारखे वर्तन केले, असे मात्र म्हणता येणार नाही. क्लूनीच्या सेंट जोसेफ संघाच्या संस्थापिका ॲन-मारी जाव्हुए यांच्याकडे फ्रेंच सरकारने दक्षिण अमेरिकेतील फ्रेंच गयानाच्या माना येथे, अवैध गुलामवाहू जहाजांवरून सोडवलेली सुमारे पाचशे आफ्रिकी माणसे सोपवली. 1838 मध्ये, म्हणजे फ्रान्सने वसाहतींतील गुलामगिरी अखेरची रद्द करण्याच्या दहा वर्षे आधी, तेथे मुक्तीची सुरुवात झाली. मळेवाले खवळले ते खवळलेच, पण संघावरील अधिकारावरून बिशपांशीही वाद पेटला आणि गयानात त्यांना काही काळ कम्युनियनही (मिस्सेतील पवित्र प्रसादही) नाकारण्यात आले. सत्तेचा निव्वळ हात असलेल्या बाईवर अशी पाळी येत नाही.

कोरा कागद
मग त्याच पारड्यात न्यू ऑर्लिन्सही टाकावे लागेल. 1727 मध्ये तेथे पोहोचलेल्या उर्सुलाईन भगिनींनी मुलींसाठी शाळा काढली, आणि त्यांच्या मठाच्या मालकीचे गुलामही होते. एक जाव्हुए दाखवून बाकीच्यांचा हिशेब पुरा होत नाही.

नाडीपरीक्षा
आपण दोघेही हेतूंविषयी बोलत आहात. मला कामाच्या दर्जाविषयी बोलायचे आहे, कारण रुग्णाला हेतूचे इंजेक्शन दिले जात नाही. 1976 मध्ये तेव्हाच्या झाईरमधील (आजच्या काँगो लोकशाही प्रजासत्ताकातील) यांबुकू येथे बेल्जियन भगिनी दुर्गम भागातील रुग्णालय चालवत होत्या. तेथे रोज सकाळी पाच सिरिंज आणि सुया काढल्या जात, दिवसभर त्याच वापरल्या जात, आणि दोन रुग्णांच्या मध्ये त्या फक्त कोमट पाण्यातून खळबळून घेतल्या जात. बाह्यरुग्ण विभाग आणि गरोदर स्त्रियांचे दवाखाने याच सुयांवर चालत. इबोलाच्या त्या पहिल्या साथीत 318 जणांना लागण झाली आणि 280 मरण पावले. काही भगिनीही त्यात गेल्या. पळून जाणे शक्य असताना त्या थांबल्या, याबद्दल मला आदरच आहे. तथापि जिथे डॉक्टर नाही, तपासणारे कोणी नाही आणि त्यागामुळे टीका करायला कोणी धजत नाही, तिथे असा हलगर्जीपणा वर्षानुवर्षे खपून जातो.

मुशाफिर
सिरिंजबद्दल बचाव नाही. मात्र तेथे डॉक्टर का नव्हता, हा प्रश्न त्या राष्ट्राच्या शासनालाही विचारावा लागेल. भगिनी निघून गेल्या असत्या तर पाच सिरिंजच्या जागी पन्नास आल्या नसत्या.

सांजवात
वसाहती गेल्या, तरी चर्चा युरोपहून निघालेल्या भगिनींभोवतीच फिरते आहे, हे मला खटकते. 1970 च्या सुमारास जगात सुमारे दहा लाख धर्मभगिनी होत्या. आज ती संख्या सहा लाखांच्या खाली आली आहे, आणि युरोप-अमेरिकेत ओस पडत चाललेल्या मठांत आता आशिया व आफ्रिकेतील भगिनी येऊन काम करतात. त्यांपैकी काहींच्या वाट्याला काय येते, हे 2018 मध्ये व्हॅटिकनच्याच एका मासिकाने छापले: धर्मगुरूंच्या घरी पहाटेपासून स्वयंपाक, कपडे, वाढणे, आणि मोबदला नगण्य किंवा शून्य. पुढच्याच वर्षी पोप फ्रान्सिस यांनी धर्मगुरूंकडून भगिनींवर लैंगिक अत्याचार झाल्याचेही मान्य केले. मुशाफिर, परवानगी झगडून मिळवल्याचे आपण म्हणता, पण यांच्या बाबतीत अजून पगारपत्रकापर्यंतही मजल गेलेली नाही.

मुशाफिर
ही तक्रार छापली गेली ती भगिनींनी तोंड उघडले म्हणूनच. मोझांबिकमध्ये काम केलेल्या कन्सोलाटा संघाच्या सिमोना ब्राम्बिला जानेवारी 2025 मध्ये जगभरातील धर्मसंघांचा कारभार पाहणाऱ्या व्हॅटिकन विभागाच्या प्रमुख झाल्या. अशा विभागाच्या प्रमुखपदी स्त्री येण्याची ही पहिलीच वेळ.

सांजवात
आणि त्यांच्या शेजारी त्याच दिवशी एक कार्डिनल सहप्रमुख नेमण्यात आले, हेही त्याच वाक्यात लिहायला हवे होते.