गुळाचा चहा एका गुळानं फाटतो, दुसऱ्यानं नाही. असं का?

निपाणीकडची:
दूध तेच, पूड तीच, पातेलंही तेच. दुकानातला पिवळाधमक गूळ घातला तर चहा नीट होतो. गुऱ्हाळावरचा तांबूस गूळ घातला की दुधाच्या बारीक कण्या होतात, वर पिवळसर पाणी सुटतं. आलं असेल तर जास्तच. शिवाय जानेवारीत चाललेली ढेप ऑगस्टमध्ये दगा देते. काहीजण म्हणतात, चहा फाटला म्हणजे गुळात भेसळ. खरं आहे का?

गुऱ्हाळवाला, चिक्कोडी:
नाही. चहा फाटण्यावरून गुळाची आंबटाई कळते, भेसळ कळत नाही.

उसाचा ताजा रस मुळातच आंबट असतो, सामू (पीएच, जितका कमी तितका पदार्थ आंबट) ५.२ ते ५.५च्या आसपास. काहिलीत, म्हणजे मोठ्या कढईत, रस तापायला लागला की चुन्याची निवळी घालून तो सहाच्या थोडा वर आणतात. मग भेंडीच्या खोडाचं चिकट पाणी सोडायचं, त्याला धरून मळी, म्हणजे रसातली घाण, वर येते. रसाला खळखळून उकळी फुटायच्या आत ती झाऱ्यानं काढावी लागते. उकळी फुटली की मळी परत रसात मिसळते, मग निघत नाही. चुना कमी पडला तर गूळ आंबट राहतो आणि नीट बसत नाही. जास्त झाला तर काळपट होतो. म्हणून गुळव्याचा, म्हणजे गूळ करणाऱ्याचा, हात इथं आखडता असतो, रंगाच्या भीतीनं चुना बेताचाच पडतो.

दुसरं कारण ऊस. तोडल्यावर चोवीस तासांच्या आत गाळला पाहिजे. शिळ्या किंवा लोळलेल्या उसात साखर फुटून ग्लुकोज-फ्रुक्टोज वाढतं, आंबटाईही वाढते. असा गूळ मऊ राहतो, हवेतलं पाणी ओढतो. तुमची ढेप ऑगस्टमध्ये बिघडते ती यामुळेच: पावसाळ्यात पाझर सुटतो, त्यात आंबणं सुरू होतं.

आता पिवळाधमक गूळ. तो रंग बहुतेक वेळा हायड्रोस पावडरीचा, म्हणजे रंग उजळवणाऱ्या रसायनाचा असतो. काही ठिकाणी सोडाही टाकतात. सोड्यानं आंबटाई मरते, म्हणून चहा फाटत नाही. म्हणजे तुमच्या दोन गुळांत न फाटणाऱ्याचीच जास्त चौकशी करायला हवी. हायड्रोसमुळे गुळात सल्फर डायऑक्साइड उरतो, त्याची मर्यादा किलोला ७० मिलिग्रॅम आहे. ते घरी मोजता येत नाही, पण हायड्रोसचा पिवळा रंग टिकत नाही, ठेवल्यावर काळवंडत जातो. ते दिसतं.

दूध तपासणी, खानापूर:
वरचं बरोबर आहे, पण दुधाची बाजूही बघा. ताज्या दुधाचा सामू ६.६ ते ६.८. थंड दूध फुटायला तो ४.६पर्यंत खाली यावा लागतो, उकळत्या दुधाला मात्र सहाच्या खाली घसरला तरी पुरे. सकाळचं दूध बाहेर राहून संध्याकाळी किंचित आंबलेलं असतं. नुसतं उकळलं तर टिकतं, पण त्यात गुळाची आंबटाई पडली की फाटतं. गुळातले कॅल्शियमचे क्षारही दुधातल्या केसीन या प्रथिनाला एकत्र यायला मदत करतात.

आल्याचं कारण वेगळं. कच्च्या आल्यात दुधातली प्रथिनं तोडणारं विकर (एन्झाइम) असतं. ते उकळीनं मरतं, म्हणून ठेचलेलं आलं आधी पाण्यात तीन-चार मिनिटं उकळा. दूध घातल्यावर वरून किसून टाकलंत तर चांगलं दूधही फाटू शकतं.

चहाची टपरी, बेळगाव:
दोन कप चहाला एक कप पाणी, आलं ठेचून उकळायचं. दोन चमचे पूड, एक मिनिट. मग दोन चमचे चिरलेला गूळ, पूर्ण विरघळेपर्यंत. गाळून घ्या, म्हणजे गुळातली माती-चिपाडही गाळणीत राहतं. शेजारच्या बर्नरवर एक कप दूध वेगळं उकळा, गॅस बंद करा, अर्धं मिनिट थांबा आणि कोऱ्या चहात ओता. त्यानंतर परत उकळी नाही. गूळ आणि दूध एकत्र उकळलं की खेळ संपला.

थंड दूध ओतू नका, चहा निवतो, मग गरम करायचा मोह होतो.

निपाणीकडची:
खाण्याचा सोडा चिमूटभर घातला तर? आणि आधीच ओळखायचं कसं?

दूध तपासणी, खानापूर:
सोड्यानं फाटणं थांबतं, पण चिमटीपेक्षा जास्त झाला तर साबणासारखी चव येते आणि चहा काळपट दिसतो. रोजची सवय करू नका. ओळखायला पळीत दोन चमचे दूध घ्या, हरभऱ्याएवढा गूळ टाका आणि उकळा. कण्या दिसल्या तर तो गूळ पुरणपोळीला, चिक्कीला वापरा, चहाला दुसरा.

गुऱ्हाळवाला, चिक्कोडी:
पावसाळ्यासाठी गूळ हंगामातच घ्या, टणक आणि कोरडा बघून. नखानं सहज खरवडला जातो किंवा कापडाला चिकटतो तो ठेवणीचा नाही. मोठी ढेप फोडून ठेवू नका. फोडलेला गूळ घट्ट झाकणाच्या डब्यात, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवा. खानापूरकडच्या पावसात उघडा गूळ फार दिवस कोरडा राहत नाही.