टिमा यंत्रमानव की रोबोट?

काल 'मेट्रोपोलिस' हा जपानी अॅनिमेशन सिनेमा पाहिला, दिग्दर्शक रिंतारोचा, २००१ चा. त्यावर लिहायला बसले आणि पहिल्याच ओळीत अडले. त्यातल्या टिमाला, म्हणजे बनवलेल्या मुलीला, रोबोट म्हणू की यंत्रमानव? 'यंत्रमानव बोलली' कसंतरीच वाटतं.

– यंत्रमानवच लिहा. चांगला रुळलेला शब्द असताना इंग्रजी कशाला?

– रोबोट मूळचा इंग्रजी नाही हो, चेक आहे. कारेल चापेकच्या १९२० च्या नाटकातला, सुचवला त्याच्या भावाने, योसेफने. 'रोबोता' म्हणजे कुळाने जमीनदाराकडे फुकट राबायचं. आपल्याकडे त्याला वेठ म्हणतात. म्हणजे रोबोटचं खरं मराठी व्हायला हवं होतं 'वेठ्या'! यंत्रमानवात यंत्र आलं, मानव आला, राबणं तेवढं गळालं. जपानीतही तेच: 'जिन्झो निंगेन', म्हणजे बनवलेला माणूस.

आता सिनेमा बघा. रोबोट जमिनीखालच्या थरांत राबतात, नेमल्या हद्दीबाहेर दिसले की गोळी. पोलिसातल्या रोबोटला माणसाचं नाव ठेवायची मुभा नाही, नुसता लांबलचक क्रमांक. शेवटी गुप्तहेर शुन्साकु बान त्याला आपला 'पेरो' म्हणायला लागतो. हा वेठबिगारच की! टिमाचं तसं नाही. शहरातल्या बलाढ्य ड्यूक रेडने तिला मेलेल्या लेकीचा चेहरा दिला तो सत्तेच्या खुर्चीत बसवायला. झाडू मारायला नव्हे. मी पेरोला रोबोट म्हणेन आणि टिमाला यंत्रमानव.

– आणि 'बोलली'चं काय?

– 'ती यंत्रमानव आहे' चालतं, जसं 'ती माणूस म्हणून चांगली आहे'. क्रियापद आलं की सरळ 'टिमा बोलली' लिहा. 'यंत्रमानवी' मात्र नको, ते विशेषण वाटतं.

– तुम्ही सुटलात म्हणा. ज्यावरून हा सिनेमा सुचला त्या तेझुकाच्या १९४९ च्या चित्रकथेत टिमा नाहीच, मिची आहे. घशातली कळ दाबली की मुलाची मुलगी, मुलीचा मुलगा. जपानी क्रियापदाला लिंग नसतं, त्यामुळे तेझुकाचं निभावलं. मराठीत दर वाक्याला कळ तपासत बसा, गेला की गेली!

– 'गेलं' लिहायचं. पोर आहे ना ते?