दूध सोसत नसेल तर दही-ताक आहे

‘माणूस सोडून कुठलाच प्राणी मोठेपणी दूध पीत नाही, म्हणून आपणही पिऊ नये’ हा मुद्दा मला पटत नाही. प्राणी अन्न शिजवतही नाहीत. खरा प्रश्न लॅक्टेजचा आहे. दुधातली साखर पचवणारं हे विकर बहुतेकांमध्ये लहानपणानंतर कमी होत जातं. काही हजार वर्षांपूर्वी पशुपालक समाजांत एक जनुकीय बदल पसरला आणि त्यांच्यात ते मोठेपणीही टिकलं. भारतात हा बदल वायव्येकडे जास्त, दक्षिणेकडे आणि पूर्वेकडे कमी आढळतो. त्यामुळे एकाला तांब्याभर दूध पचतं आणि दुसऱ्याचं पोट कपभर दुधाने गुबारतं, यात नवल नाही.

त्रास होणाऱ्यांनी दही-ताक घेऊन पाहावं. विरजणातले जिवाणू काही साखर आधीच संपवतात, उरलेली पचायलाही मदत करतात. कॅल्शियमसाठी तर नाचणी आहेच: 100 ग्रॅममध्ये साधारण 350 मिलिग्रॅम, गाईच्या दुधात साधारण 120.

काळजी वाटते ती शाकाहारी मंडळींची. दूध-दही सगळंच सोडलं तर बी-12 जीवनसत्त्व कुठून मिळणार? ते कमी पडलं की हातापायांना मुंग्या येतात, नसांवर परिणाम होतो. सोडायचंच असेल तर कृपया आधी रक्ततपासणी करा आणि डॉक्टरांना विचारून गोळ्या सुरू करा.