'आईपणाचे उमाळे पुरे' म्हणणाऱ्यांना: मग घरातलं लिहायचं कुणी?

घडीची पोळी

परवा या मंचावर 'आईपणाचे उमाळे आता पुरे' अशी एक पोस्ट आली. दोन दिवस गप्प बसले, पण कणीक मळतानाही तेच डोक्यात घोळत होतं, म्हणून सविस्तर लिहिते. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी: कुठलाही दिवाळी अंक उघडा, दोन-तीन लेख आयांचे असतातच, असं त्या गृहस्थांचं म्हणणं. रात्रीचं जागरण, शाळेचा डबा, नोकरीमुळे वाटणारं अपराधीपण आणि शेवटच्या परिच्छेदात मूल येऊन गळ्यात पडतं. हे साहित्य नाही, रोजनिशी आहे. आणि पोरांना कच्चा माल करून बायका नाव कमावतात.

साचा झालाय हे मला मान्य आहे. पण गावाकडच्या आठवणींच्या लेखांतही तीच विहीर, तोच आंबा आणि तेच छडी मारणारे पण आतून मायाळू मास्तर असतात. त्यांना कुणी 'पुरे' म्हणत नाही.

'श्यामची आई' साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहून काढलं. मी ते रडत रडत वाचलंय, माझ्या मुलीलाही वाचून दाखवलंय. पण ती मुलाने पाहिलेली आई आहे. आपण पिढ्यान्‌पिढ्या आईला मुलाच्याच डोळ्यांनी पाहिलं. त्या बाईला स्वतःला काय वाटत होतं? ती कधी कंटाळली होती का? लेकराकडे बघून तिला काहीच वाटलं नाही, असा एखादा दिवस होता का? हे तिनेच सांगायला हवं ना. लक्ष्मीबाई टिळकांनी नवऱ्याचा तऱ्हेवाईकपणा, पैशांची ओढाताण, घरातली भांडणं सगळं लिहिलं. आज 'स्मृतिचित्रे'ला कुणी रोजनिशी म्हणून दाखवावं.

माझं बाळंतपण सांगलीला माहेरी झालं. सव्वा महिना मी भिंतीकडे तोंड करून पडून होते. बाळ आणून दिलं की पाजायचं, नेलं की सुटल्यासारखं वाटायचं. घरातले सगळे अंक चाळले. बाळाचं वजन, लसी, डिंकाच्या लाडवांचं प्रमाण, सगळं होतं. 'मला अजून माया वाटत नाहीये' असं म्हणणारी एकही बाई सापडली नाही. तीन वर्षांनी मीच ते लिहिलं. कराडहून एका बाईचं पत्र आलं, चार ओळींचं. तिला वाटत होतं की ती एकटीच तशी आहे. त्या चार ओळींसाठी मी आणखी दहा लेख लिहीन.

रात्रपाळी

पटलं. एक अनुभव सांगतो. मी मुलीच्या पहिल्या आजारपणावर लिहिलं तेव्हा ऑफिसात लोकांनी उठून हात मिळवला, 'किती हळवा बाप' म्हणाले. बायको तीच रात्र माझ्याआधी दोन वर्षं लिहीत होती. तिला म्हणाले, 'तुम्हाला वेळ बरा मिळतो.'

उंबरा

ज्यांच्यावर लिहिलं जातं त्यांच्यातला मी एक. म्हणून आता माझंही सविस्तर ऐका.

माझी आई एका पुरवणीत पंधरवड्याला सदर लिहायची. मी नऊ वर्षांचा होतो आणि अजून अंथरूण ओलं करायचो. आईने त्यावर लेख लिहिला. फार सुंदर लेख होता, हे मी आजही म्हणतो. पहाटे चादर बदलताना तिला तिची आजी आठवते वगैरे. नाव बदललं होतं, पण आमच्या गावात ते सदर कोण लिहितं हे रिक्षावाल्यालाही माहीत होतं. वर्गशिक्षिकेने कौतुकाने तो लेख वर्गात वाचून दाखवला. त्यांना खरंच कौतुक होतं. मी तिसऱ्या बाकावर बसलो होतो.

सातवीपर्यंत मला त्यावरून नाव पडलं होतं. आईला अजून माहीत नाही. तिला त्या लेखासाठी आलेली पत्रं तिने ट्रंकेत जपून ठेवली आहेत.

त्यामुळे कराडच्या बाईला बरं वाटलं, हे ऐकून मला आनंदच आहे. पण तुमच्या मुलीला काय वाटलं? तिला विचारलं होतंत?

आणि लक्ष्मीबाईंचा दाखला इथे लागू नाही. त्यांचे पती रेव्हरंड टिळक गेले १९१९ ला. 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग आला १९३४ ला. मध्ये पंधरा वर्षं आहेत आणि तोवर मुलगाही मोठा झालेला. त्या लेकराच्या शाळेच्या दप्तरात कुणी ते पुस्तक टाकलं नव्हतं.

घडीची पोळी

तुमच्या बाबतीत झालं ते वाईट झालं. पण चूक वर्गात वाचणाऱ्या बाईंची आहे. आणि अंतरच हवं असेल तर सुनीताबाई देशपांडेंचं 'आहे मनोहर तरी' १९९० ला आलं, पु. ल. हयात असताना. तेव्हाही लोक म्हणालेच की घरातलं चव्हाट्यावर मांडलं. सगळे मरेपर्यंत थांबायचं ठरवलं तर बायकांनी लिहायचं कधी?

माझ्या मुलीचं मी बघेन. तो आमच्या घरातला प्रश्न आहे.

उंबरा

पु. ल. सत्तरीचे होते आणि महाराष्ट्रातले सर्वांत लाडके लेखक होते. त्यांना उत्तर द्यायचं असतं तर उद्याच्या उद्या छापून आलं असतं. नऊ वर्षांच्या पोराकडे काय होतं?

आणि घरातला प्रश्न घरातच ठेवायचा होता तर छापलात कशाला?

जुनी वहिनी

मी इथे फार लिहीत नाही. पण आज लिहिणार. मुलांचं तुम्ही बोलताय, सासवांचं कोण बोलणार?

गेल्या काही वर्षांत मी या विषयावरचे जेवढे लेख वाचले, त्यांत सासू आली की पंखा बंद करते, पाणी तोडते, 'आमच्या वेळी' म्हणते. बाईने आईपणावर लिहायला घेतलं की खलनायिका म्हणून सासू ठरलेली.

माझ्या सुनेने एका दिवाळी अंकात लिहिलं, 'सासूबाईंनी चाळीस दिवस पंखा लावू दिला नाही, घामाने मी आणि बाळ निथळत होतो.' नाव घातलं नाही, पण तिला सासू एकच आहे. भिशीत तो अंक फिरला. कुणी काही बोललं नाही, हेच जास्त लागलं.

आता खरं ऐका. नात साडेसात महिन्यांत झाली, १ किलो ९०० ग्रॅमची. डॉक्टरांनी सांगितलं होतं की बाळाला ऊब हवी, छातीशी कांगारूसारखं धरून ठेवा, अंगावर वारा नको. फेब्रुवारी महिना होता. सून थकलेली, तिला झोप यावी म्हणून रात्री दोन ते पाच बाळ माझ्या छातीशी असायचं. चाराला आळीव भिजत घालायचे, साडेपाचला खीर, मग बाळंतिणीचं न्हाणं. माझे गुडघे तेव्हाच गेले. यातलं एक अक्षर त्या लेखात नाही. पंखा आहे.

तिसरा मजला

वहिनी, तुमच्या घरी तसं झालं असेल. माझ्या सासूबाईंनी मला बाळंतपणात पाणी मोजून दिलं. दिवसाला दोन तांबे. 'पाणी प्यायलीस तर पोट सुटेल.' दूध आटलं, बाळाचं वजन घटलं, डॉक्टर माझ्यावर ओरडले. हे मी लिहिलं तर मी सासूला बदनाम करते का? मी सोसलं ते खोटं का?

आळीव

पाजणाऱ्या बाईचं पाणी तोडणं हे अजून चालतं आणि ते चूकच आहे. तिला तहान जास्तच लागते. मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते, दर महिन्याला अशा तीन-चार जणी येतात, ओठ सुकलेल्या. असे लेख छापून आले म्हणून तरी काही घरांत पाणी मिळालं. सासवांच्या भावना नंतर बघू.

जुनी वहिनी

नंतर म्हणजे कधी? मला माझ्या सासूने पाणी तोडलं होतं, १९८४ साली. मी सुनेचं तोडलं नाही. तिच्या उशाशी ओव्याचं पाणी भरून ठेवत होते. तुम्ही 'सासवा' म्हणून एका दावणीला बांधताय, त्याचा मला राग आहे.

तिसरा मजला

तुम्ही चांगल्या वागलात म्हणून आम्ही गप्प बसायचं का? पन्नास वर्षं सुना गप्पच होत्या ना! आता जरा लिहायला लागल्या तर लगेच दुसरी बाजू हवी?

जुनी वहिनी

त्या गप्प सुनांपैकीच मी एक. आमच्या वेळी लिहू दिलं नाही, आता लिहितात तर आम्ही त्यात वाईट. आम्ही बोलायचं तरी कुठल्या वयात, ते एकदा सांगा.

रात्रपाळी

जरा सबुरीने घ्या दोघी. मूळ प्रश्न मुलांच्या परवानगीचा होता.

कोरडवाहू

मूळ प्रश्न तुमचा होता. माझा वेगळाय.

माझी माय ऊस तोडायची. बीडवरून कारखान्याला जायचं, नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल, म्हणजे मुकादमाकडून आगाऊ घेतलेले पैसे, आधीच संपलेली असते, लग्नात नाहीतर दवाखान्यात. मी उसाच्या फडातच झालो. पाचव्या दिवशी माय मोळी बांधत होती. तुमच्या लेखांतलं अपराधीपण वाचलं की मला कळत नाही काय म्हणावं. बाळाला पाळणाघरात ठेवून ऑफिसला गेल्याचं दुःख खरं असेल, मी खोटं म्हणत नाही. पण माझ्या मायला खाडा केला की दंड होता. २०१९ ला सरकारी समितीने बीडच्या ऊसतोड बायकांची पाहणी केली तेव्हा १३ हजारांहून जास्त बायकांच्या गर्भपिशव्या काढलेल्या निघाल्या. त्यातली एक माझी मावशी. बत्तिसाव्या वर्षी. आईपणाच्या लेखांत ही बाई मला अजून भेटायचीय.

माय लिहू शकत नाही, म्हणून मी लिहिलं. छापायच्या आधी तिला वाचून दाखवलं. सगळं ऐकलं आणि म्हणाली, "तेवढं उचलीचं नको ठेवू, तुझ्या बापाची अब्रू जाईल." बापाने दोन मुकादमांकडून उचल घेतली होती, त्यापायी एका हंगामात मला आणि मायला कोपीत, म्हणजे पाचटाच्या खोपटात, अडकवून ठेवलं होतं. सगळा लेखच त्यावर उभा होता. मी काढलं. उरलं ते बरं होतं, पण माझं नव्हतं.

म्हणून उंबरा यांना सांगतो, विचारणं बरोबर आहे. पण विचारलं की काय जातं, तेही लक्षात ठेवा. दलित लेखिका बेबीताई कांबळेंनी फलटणला दुकान चालवत 'जिणं आमचं' हे आत्मकथन लिहिलं आणि वीस वर्षं घरच्यांपासून लपवून ठेवलं. विचारत बसल्या असत्या तर ते पुस्तक आज नसतं.

आणि संपादकाने लेखातलं 'माय' सगळीकडे 'आई' केलं. ते मला न विचारता.

उंबरा

हे उत्तर माझ्याकडे नाही. तुमच्या मायने जे काढायला लावलं ते छापलं जायला हवं होतं, असं मलाही वाटतं. पण बेबीताईंनी लपवलं ते त्यांच्यावर सत्ता असणाऱ्यांपासून. आई मुलाविषयी लिहिते तेव्हा सत्ता आईकडे असते. एवढा फरक तरी मान्य करा.

कोरडवाहू

केला. तेवढाच.

आळीव

यात अजून एकीचं राहिलंच. मालिशवाली. वर 'तिसरा मजला' यांनी पाण्याचा प्रसंग सांगितला, त्यावरचा त्यांचा लेख मी वाचलाय, चांगला आहे. पण त्यात बाळाला तेल लावायला येणाऱ्या बाईचं खरं नाव आहे, वस्तीचं नाव आहे, तिचा नवरा पिऊन मारतो हेही आहे. सासूचं नाव मात्र नाही. सासूची अब्रू सांभाळलीत. त्या बाईला विचारण्याचा तर प्रश्नच आला नाही.

तिसरा मजला

मी तिच्याविषयी प्रेमानेच लिहिलं होतं.

उंबरा

माझ्या आईनेही प्रेमानेच लिहिलं होतं.

तिसरा मजला

ठीक आहे. ती अजून सोसायटीत दोन घरी येते. तो अंक तिच्या हातात पडणार नाही असं मी गृहीत धरलं होतं. तिची मुलगी यंदा बारावीला आहे आणि ती वाचते. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. लेख पुस्तकात घेताना नाव आणि वस्ती काढीन. पाण्याचं काढणार नाही.

घडीची पोळी

दोन दिवस आले नाही, कारण उंबरा यांचा राग आला होता. अजूनही थोडा आहे. पण तिसऱ्या बाकावर बसलेला मुलगा काही डोळ्यांपुढून हलेना.

माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. बोलताना अडखळते. मी त्यावर गेल्या वर्षी लिहिलं होतं, मला स्वतःला माझा सगळ्यात चांगला वाटतो तो लेख. तिला विचारलं नव्हतं. काल रात्री तिच्या हातात दिला. तिने दोनदा वाचला. म्हणाली, "मी 'पपई' म्हणताना अडखळते हे तू का लिहिलंस? ते कुणालाच माहीत नव्हतं. मी तो शब्द वापरतच नाही."

तिने तो शब्द टाळायला सुरुवात केलीय, हे आई असून मला ठाऊक नव्हतं. आणि मी सगळ्यांना सांगून बसले होते.

सांगलीच्या सव्वा महिन्याचा लेख मी मागे घेणार नाही. तो माझा आहे. मोठी झाल्यावर तिला तो वाचून वाईट वाटेल, तेव्हा मी समोर बसून बोलेन. तिच्या अडखळण्याचा लेख पुढच्या वर्षीच्या पुस्तकात जाणार होता. तो काढायला प्रकाशकांना सकाळी कळवलं. त्यांनी विचारलं, पपईचं एक वाक्य काढून चालेल का? मी नाही म्हटलं. मग दिवसभर स्वयंपाकघरात रडले, कारण तो लेख चांगला होता.

ती मूळ पोस्ट मात्र मला अजून मान्य नाही. 'लिहू नका' म्हणणाऱ्याला पोरांची काळजी नव्हती, तो आमच्या लेखांना कंटाळला होता.

उंबरा

हे मान्य. त्या पोस्टची बाजू मी घेतलीच नव्हती.

पपई शब्द काढूनही लेख चालला नसता. बरोबर केलंत.

कोरडवाहू

उचलीचं मी पुन्हा लिहायला घेतलंय. बाप गेल्या वर्षी वारला. मायला अजून विचारलं नाही.

जुनी वहिनी

सुनेने हा धागा वाचलाय, असं मुलगा म्हणाला. ती स्वतः काही बोलली नाही. आज मात्र संध्याकाळी गुडघ्यांना तेल गरम करून आणून ठेवलं.

माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. ते झालं की मी त्या चाळीस दिवसांचं लिहिणार आहे, १९८४ च्या माझ्या बाळंतपणापासून सुरुवात करून. सासूबाई नाहीत आता. सून आहे. तिला आधी वाचायला देईन की नाही, ते अजून ठरवलेलं नाही.