मागच्या प्लॉटमधलं गवत (सोसायटी ग्रुप)

अनघा (ए ३०३): सेक्रेटरी साहेब, मागच्या प्लॉटवर आत्ता मशीन घेऊन दोघं जण आलेत. कोणी बोलावलं? मीटिंगमध्ये दिवाळीनंतर बघू असं ठरलं होतं ना. मी खाली येऊन थांबवलंय त्यांना, ते म्हणतात साहेबांचा फोन आला तरच जाऊ

सेक्रेटरी: नमस्कार मॅडम. मीच बोलावलंय. दोन महिने या ग्रुपवर रोज गवताच्याच तक्रारी वाचतोय, काम करायला घेतलं की पण तक्रार

नाना (बी १०४): पार्किंगमध्ये साप निघाला त्याचं काय? गवत कापायलाच हवं.

अनघा: नाना सापाचं बोलूच, पण आधी हे ऐका. नाल्याकडच्या उंच गवतात लाल मुनियांची घरटी आहेत. काल संध्याकाळी एक नर चोचीत पांढरं पीस घेऊन गवताच्या बुंध्याशी शिरला, रिकाम्या चोचीने बाहेर आला, परत गेला. आत अस्तर घालणं चाललंय. आज मशीन फिरलं तर सगळं चिरडून जाईल आणि आपल्याला वरून कळणारसुद्धा नाही

मिलिंद (सी १०१): मुनिया मेंटेनन्स भरते का? 😀

वैशाली (सी ४०२): मिलिंद, आधी तू भर. मार्चपासूनचा बाकी आहे, यादी बोर्डवर लागलीये

मिलिंद (सी १०१): वैशालीताई ते पर्सनलवर बोला ना. बाथरूमचं लिकेज काढून द्या, त्याच दिवशी भरतो. साहेबांना सगळं माहितीये

सेक्रेटरी: कृपया विषय भरकटवू नका 🙏

प्रशांत (डी ५०१): ती सुगरण असेल हो. गवतात घरटं म्हणजे सुगरणच

सदानंद काका (डी २०२): नाही प्रशांत. सुगरणीचं घरटं लोंबतं, बाभळीला नाहीतर विहिरीवरच्या फांदीला, आणि तिचा नर पिवळा. ही मनोली, म्हणजे मुनियाच. चिमणीपेक्षाही लहान, जेमतेम १० सेंटिमीटर. घरटं गवताच्या पात्यांचं गोल गुंडाळलेलं, बाजूने दार, जमिनीपासून फार उंच नाही. अंडी पांढरी, चार ते सहा. नर-मादी दोघं आळीपाळीने बसतात.

रेखा (ए १०२): मला तर गॅलरीतून नुसत्या तपकिरी चिमण्या दिसतात. लाल कुठेय?

अनघा: रेखाताई तपकिरी दिसतात त्या माद्या, पण त्यांच्याही शेपटीच्या बुडाशी लाल असतं आणि चोच लाल असते, उडताना नीट बघा. नर सध्या अंगभर लालभडक आहेत, छातीच्या बाजूंना आणि पंखांवर पांढरे ठिपके, शेपटी काळी. आणि हा रंग कायमचा नसतो, विणीचा हंगाम संपला की नराची पिसं झडतात आणि तोही मादीसारखाच तपकिरी होतो, मग पुढच्या पावसाळ्यात परत लाल. म्हणून उन्हाळ्यात कोणाच्या लक्षातच येत नाहीत. सकाळी सातला या माझ्याकडे, गवताच्या तुऱ्यावर बसून दाणे कसे काढतात बघा, काडी पार वाकते, पक्षी उलटा होतो तरी सोडत नाही, चोचीत दाणा फिरवून टरफल खाली टाकतो. पोट भरलं की पाच-सहा जण एका काडीवर अंगाला अंग लावून बसतात आणि एकमेकांची मान साफ करतात

नाना (बी १०४): पक्षी छान आहेत. पार्किंगमध्ये साप निघाला त्याचं काय?

सदानंद काका (डी २०२): नाना, ती धामण होती. सर्पमित्राने तुमच्यासमोर सांगितलं. बिनविषारी, उंदरांमागे येते. उंदीर गवतामुळे नाहीत, कचऱ्याच्या खोलीचं दार तुटलंय म्हणून आहेत. मी जूनपासून लिहितोय.

सेक्रेटरी: काका दाराचं कोटेशन आलंय, दोन सभासदांनी सही केली नाही म्हणून अडलंय. नावं घेत नाही

प्रशांत (डी ५०१): नावं घ्या की. मी सही केली नाही कारण कोटेशन एकच आहे, तीन मागवायचा नियम आहे

वैशाली (सी ४०२): झालं सुरू

स्नेहा (बी ३०१): अनघाताई मधेच विचारते, आर्या कधीची मागे लागलीये, बाजारात एक जण पिंजऱ्यात हिरव्या-गुलाबी मुनिया विकतो, जोडी घेऊ का? घरात सुरक्षित तरी राहतील

अनघा: स्नेहा, अजिबात घेऊ नकोस गं. आपल्याकडच्या रानातल्या मुनिया पकडणं, विकणं, पाळणं गुन्हा आहे, १९७२चा वन्यजीव कायदा आहे आणि देशी पक्ष्यांचा व्यापार १९९०-९१ पासून पूर्ण बंद आहे. आणि ते गुलाबी बिलाबी रंग लावलेले असतात, साध्या मुनिया पकडून रंगात बुडवतात. खरी हिरवी मुनिया वेगळी, ती अबूच्या डोंगराकडे आहे आणि तीसुद्धा पिंजऱ्यांसाठी पकडून पकडून कमी झालीये. लाल मुनिया तर इथून जहाजांनी इतक्या बाहेर गेल्या की सुटलेल्या पक्ष्यांची पिल्लावळ आज स्पेनमध्ये आणि फिजीत आहे. आर्याला माझ्याकडे पाठव, दुर्बीण देते

स्नेहा (बी ३०१): बरं बरं, नाही घेत. पाठवते तिला

अनघा: आणि साहेब, याच कायद्यात पक्ष्यांची अंडी फोडणं, घरट्यांना धक्का लावणं हेही शिकारीत धरलंय. मला तक्रार करायची नाहीये, पण डोळ्यांदेखत होऊ देणार नाही

सेक्रेटरी: मॅडम धमकीची भाषा नको. मी काही पक्ष्यांचा शत्रू नाही. आमच्या मातोश्री रोज दाणे टाकतात

मिलिंद (सी १०१): त्या दाण्यांवर कबुतरं येतात आणि आमच्या एसीवर घाण करतात, त्यावरही एकदा चर्चा होऊ द्या

सेक्रेटरी: मिलिंद, वडीलधाऱ्यांचा विषय काढायचा नाही

सदानंद काका (डी २०२): शांत व्हा. मधला मार्ग सांगतो. भिंतीपासून दहा फुटांचा पट्टा आज कापून घ्या, तिथे गवत आखूड आहे, घरटी नाहीत, मी आणि अनघा आधी पायी बघून येतो. नाल्याकडचं उभं राहू द्या. मोकळा पट्टा असला की साप ओलांडताना दिसतो, नानांचीही काळजी मिटेल.

नाना (बी १०४): रात्री कसा दिसणार? पार्किंगमध्ये साप निघाला तेव्हा रात्रच होती.

सदानंद काका (डी २०२): मागचा दिवा चार महिने बंद आहे तो लावा म्हणजे दिसेल.

रेखा (ए १०२): काकांचं पटतंय मला. नाल्याकडचं कापायचं तरी कधी मग?

अनघा: अंडी घातल्यापासून पिल्लं उडेपर्यंत महिनाभर तरी जातो आणि सगळ्या जोड्या एकदम बसत नाहीत, पाऊस संपल्यावरही चालू असतं. त्यामुळे दिवाळी नको, जानेवारीत बघू. तेव्हाही एकदम सगळं नाही, अर्धं ठेवायचं, कारण तेच बी ते हिवाळाभर खातात. आणि जाळायचं तर कधीच नाही

सेक्रेटरी: ठीक आहे. आज फक्त भिंतीलगत दहा फूट. ठेकेदाराला पूर्ण प्लॉटचा ॲडव्हान्स दिलाय, तो परत देणार नाही, त्याचं काय करायचं ते सांगा

वैशाली (सी ४०२): त्याच पैशात पुढच्या गेटजवळचं गाजर गवत उपटून घ्या, माझ्या मुलाला त्याने शिंका येतात

अनघा: चालेल, ते खुशाल काढा. साहेब ठेकेदाराला आत्ता फोन करा, मी खालीच उभी आहे. काका, चार काठ्या आणि लाल चिंध्या घेऊन या, हद्द मारून देऊ

सदानंद काका (डी २०२): निघालो. सुतळी कोणाकडे आहे?

मिलिंद (सी १०१): माझ्याकडे आहे, घेऊन येतो