‘ट्रबल्स’ला मराठीत काय म्हणावं?

ओवी
आमच्या फिल्म सोसायटीच्या पत्रकासाठी केनेथ ब्रानाच्या ‘बेलफास्ट’चा (2021) परिचय लिहितेय. 1969चा ऑगस्ट, कॅथलिक आणि प्रोटेस्टंट शेजारी-शेजारी राहतात अशी गल्ली, नऊ वर्षांचा बडी, आई, कामासाठी इंग्लंडला ये-जा करणारे वडील, आजी-आजोबा. सुरुवातीलाच गल्लीत जमाव घुसतो. तोवर कचऱ्याच्या डब्याचं झाकण ही बडीची खेळातली ढाल असते; तेच झाकण आडवं धरून आई त्याला दगडांच्या वर्षावातून घरात आणते. उत्तर आयर्लंडमधल्या या सगळ्या कालखंडाला ‘द ट्रबल्स’ म्हणतात. मी ‘यादवी’ लिहिलं. मजकूर तपासणाऱ्या मित्राने ते खोडून ‘दंगली’ केलं. मला आता दोन्ही खटकतायत. काय लिहू?

कोशप्रेमी
यादवीच ठेवा. मौसलपर्वात प्रभासक्षेत्री यादव एकमेकांवरच तुटून पडले, हाताला आलेल्या एरका गवताची मुसळं झाली. आपल्याच माणसांनी आपल्याच माणसांना मारायचं, याला मराठीत याहून नेमका शब्द नाही. अख्खी कथा आत असलेला शब्द हाताशी असताना वर्तमानपत्री ‘दंगली’ कशाला हवी?

रानवाट
कथा आत आहे हीच तर अडचण. यादवीत कूळ एकच असतं आणि शेवटी कोणी उरत नाही. बेलफास्टमध्ये झगडा होता तो आयर्लंडशी जोडून घ्यायचं की ब्रिटनमध्ये राहायचं याचा, आणि त्यात तिसरा पक्षही होता. ऑगस्ट 1969मध्येच ब्रिटिश लष्कर रस्त्यावर आलं. 1998च्या गुड फ्रायडे करारापर्यंत साडेतीन हजारांच्या आसपास माणसं गेली, त्यातली निम्म्याहून जास्त साधे नागरिक. एका बाजूसाठी ते युद्ध होतं, सरकारसाठी कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न. ‘यादवी युद्ध’ लिहिलंत की तुम्ही नकळत एका बाजूचे होता. आपल्याकडे 1857ला बंड म्हणायचं की स्वातंत्र्यसमर, यावर किती शाई गेली ते आठवा. ‘ट्रबल्स’ टिकला तो मोघम आहे म्हणून.

माधुकरी
मोघम हवा असेल तर ‘दंगा’ का नको? हिंदीत दंगा म्हणजे माणसं मरतात आणि दंगल म्हणजे कुस्ती. मराठीत दंगल म्हणजे माणसं मरतात आणि दंगा पोरं करतात! माझी आई दुपारी झोपताना रोज बजावायची, “दंगा करू नका रे.” ही सगळी गोष्ट एका पोराच्या नजरेतून आहे. त्याला आधी एकच दंगा माहीत असतो, गल्लीतला खेळ. मग त्याच गल्लीत मोठी माणसं दंगा करायला लागतात. एका शब्दात दोन्ही येतं.

ओवी
माधुकरी, हे फार आवडलं. पण पत्रक वाचणारे सगळे हिंदी बातम्या ऐकणारे. ते ‘दंगा’ वाचून थेट ‘दंगल’च समजतील, पोरांचा दंगा त्यांच्या डोक्यातही येणार नाही.

कोशप्रेमी
म्हणजे हिंदी बातम्यांसाठी आपण आपला शब्द सोडायचा? अशाने उद्या काहीच उरणार नाही.

रानवाट
शब्द सोडायला कोण सांगतंय? वाचणाऱ्याच्या कानात आज काय वाजतं ते बघायला नको का? कोशातला अर्थ वाचणाऱ्यापर्यंत पोचलाच नाही, तर तो कोशातच राहतो.

तळटीप
मोघम नावांची आयरिश लोकांची परंपरा जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात आयर्लंड तटस्थ होता आणि त्या वर्षांना तिथे ‘द इमर्जन्सी’ म्हणत. हे ‘आणीबाणी’ असं उतरवलं तर मराठी वाचक सरळ 1975मध्ये जाऊन पोचेल. म्हणून माझं मत, ‘ट्रबल्स’ तसाच ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात खुलासा करा.

ऐसपैस
एक जुना शब्द सुचवतो, ‘गर्दी’. आज गर्दी म्हणजे लोकलमधली. बखरींत गर्दी म्हणजे धुमश्चक्री, कत्तल, दाणादाण. ‘गर्दीस मिळवले’ म्हणजे पार नायनाट केला. ‘भाऊगर्दी’ही त्यातलीच: 14 जानेवारी 1761, पानिपत, सदाशिवरावभाऊ. आता आपण तो शब्द निवडणुकीतल्या उमेदवारांसाठी वापरतो. ‘गर्दीची वर्षं’ असं लिहून बघा, किती भारदस्त वाटतं.

माधुकरी
गारदी यातूनच आले असणार ना? नारायणरावाला मारणारे?

कोशप्रेमी
अजिबात नाही. गारदी हे ‘गार्द’वरून, म्हणजे पहारा, पलटण; तो युरोपीय शब्द. गर्दी फारसीतून आली. गर्द म्हणजे धूळ. गर्दीस मिळवणे म्हणजे धुळीस मिळवणे, इतकं सरळ आहे.

तळटीप
इतकं सरळ नाही. फारसीत ‘गर्दीदन’ म्हणजे फिरणे, गरगरणे. ‘गर्दिश’ त्यातलाच. माणसांचं सैरावैरा फिरणं, त्यावरून गोंधळ, असाही अर्थ लागतो.

कोशप्रेमी
मग ‘मिळवणे’ कुठून आलं? फिरण्यात कुणाला मिळवता येत नाही. धुळीत, मातीत मिळवतात.

ओवी
मंडळी, पत्रक उद्या छापायला जातंय! आणि आणखी एक अडलंय. बडी आजोबांशी बोलतो ते उताऱ्यात ‘तू’ ठेवू की ‘तुम्ही’? दोघांची अगदी गट्टी आहे. मुलीचं प्रेम आणि शाळेतली गणितं, सगळं तो त्यांनाच विचारतो.

माधुकरी
आमच्याकडे आजीला ‘तू’ आणि आजोबांना ‘तुम्ही’. गट्टी असली तरीही.

रानवाट
आमच्याकडे दोघांनाही ‘तू’. ‘तुम्ही’ म्हटलं असतं तर आजोबांना वाटलं असतं, पोरगं रुसलंय. ओवी, ‘तू’च ठेवा.

ऐसपैस
तू-तुम्हीचं चालू द्या, मला मघाचंच पुढे न्यायचंय. जमाव येऊन गेल्यावर गल्लीच्या तोंडाशी लोक फरशा उखडून जो आडोसा रचतात, त्याला काय लिहिलंय? ‘बॅरिकेड’ नको. त्याला ‘मोर्चा’ म्हणा. ‘मोर्चे बांधले’ म्हणजे तोफांपुढे आडोसे उभारले, ‘मोर्चेबंदी’ त्यावरूनच. घोषणा देत चालत जाणारा मोर्चा फार नंतरचा.

रानवाट
मग वाचणाऱ्याला वाटेल, लोकांनी गल्लीच्या तोंडाशी घोषणा दिल्या. ‘अडसर’ लिहा.

कोशप्रेमी
अडसर दाराला असतो, गल्लीला नाही.