रेझिस्टर एलईडीच्या आधी लावायचा का नंतर?

ब्रेडबोर्ड_नवशिका:
९ व्होल्टची बॅटरी, एक लाल एलईडी, करंट कमी करायला ३९० ओहमचा रेझिस्टर, एवढंच सर्किट आहे. रेझिस्टर मी चुकून एलईडीच्या मायनसकडच्या पायाला लावला तरी एलईडी मस्त पेटतोय. पण करंट प्लसकडून येतो म्हणजे आधी एलईडीत घुसणार आणि मग रेझिस्टरपाशी पोचणार, तोवर एलईडी उडायला पाहिजे ना? चोर पळून गेल्यावर कडी लावून काय उपयोग? मग हा उडत का नाहीये?

वायरगुंता:
पाण्याने भरलेला लांब पाइप घे आणि शेवटच्या टोकाला बोट दाबून धर. पाणी फक्त टोकाशीच कमी होतं का? पार नळापासून सगळ्या पाइपातच हळू होतं. वायरीत पण इलेक्ट्रॉन आधीपासूनच ठासून भरलेले असतात, बॅटरी फक्त सगळ्यांना एकदम ढकलते, त्यामुळे एकच वाट असलेल्या सर्किटमध्ये करंट कुठेही मोजलास तरी तेवढाच येणार. आणि खरं सांगू का, इलेक्ट्रॉन निघतात मायनसकडूनच, म्हणजे तुझ्याच हिशोबाने तुझा रेझिस्टर आधीच लागलाय :)

ओहमचा_चेला:
वरचं बरोबर आहे, मी फक्त आकडे टाकतो. लाल एलईडी स्वतःवर साधारण २ व्होल्ट ठेवतो, उरलेले ७ रेझिस्टरवर पडतात. ७ भागिले ३९० म्हणजे १८ मिलिअँपिअरच्या आसपास, साध्या एलईडीला २० पर्यंत चालतात, म्हणून तो सुखात आहे. त्या ७ व्होल्टची रेझिस्टरमध्ये उष्णता होते, ७ गुणिले ०.०१८ म्हणजे ०.१३ वॅट, पाव वॅटवाला आरामात झेलतो. रेझिस्टरवरचे रंगीत पट्टे त्याचे ओहम सांगतात, ते नारिंगी, पांढरा, तपकिरी, सोनेरी असेच आहेत ना तेवढं बघून घे, कारण तिसरा पट्टा लाल निघाला तर ते ३.९ किलोओहम झाले आणि एलईडी मिणमिणेल.

ब्रेडबोर्ड_नवशिका:
पट्टे तेच आहेत. मल्टीमीटर लावला, रेझिस्टरवर ७.१ आणि एलईडीवर १.९, जागा बदलून बघितलं तरी तेच. पण आता नवीनच घोळ, एलईडी काढून टाकला आणि रेझिस्टरच्या दोन टोकांना मोजलं तर शून्य!! एका बाजूला बॅटरी लावलेलीच आहे तरी. रेझिस्टर गेला का?

वायरगुंता:
नाही रे, ठणठणीत आहे. एलईडी काढलास म्हणजे वाटच तुटली, करंट शून्य, आणि ३९० गुणिले शून्य शून्यच. रेझिस्टर ७ व्होल्ट खातो असं आपण बोलतो खरं पण त्याचा असा काही ठरलेला खुराक नसतो, जेवढा करंट जाईल तेवढाच व्होल्टेज त्याच्यावर पडतो. आता मीटरच्या पिना एलईडी जिथे होता त्या दोन भोकांत लाव, पूर्ण ९ दिसतील.

ब्रेडबोर्ड_नवशिका:
हो, ९.१ आले! म्हणजे एलईडी उलटा लावला तरी रेझिस्टरवर शून्यच दिसणार?

ओहमचा_चेला:
जवळजवळ शून्यच. पण जास्त वेळ तसा ठेवू नकोस, बरेच एलईडी उलटे ५ व्होल्टच सहन करतात आणि तिथे तो रेझिस्टर वाटणी करून घ्यायला येत नाही, पूर्ण ९ एलईडीवरच बसतात.